खाऱ्या पाण्यात धुतलेला फोटो

अकोल्याच्या हरिहर पाठकांच्या स्टुडिओत शिरणाऱ्या माणसाला पहिली ताकीद मिळायची ती न हलण्याची. “हं, आता हलायचं नाही. मान जराशी डावीकडे. बाई, पदर सारखा करा. पापणीसुद्धा लववू नका.” एवढं बजावून पाठक काळ्या कापडाखाली शिरायचे आणि समोरचं कुटुंबच्या कुटुंब श्वास कोंडून भिंतीसारखं उभं राहायचं. वीस वर्षं हा धंदा असा बिनबोभाट चालला होता. पाठकांच्या घरी पिढीजात भिक्षुकी. वडिलांनी गावातली निम्मी लग्नं लावली, मुलानं त्याच लग्नांचे फोटो काढले. जुनी माणसं स्टुडिओत आली की अजूनही विचारायची, “हरीभाऊ, आज दिवस बरा आहे ना?” पाठक खिडकीबाहेर बघून म्हणायचे, “उजेड बरा आहे. बसा.”

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष व्हायचं होतं, त्या मार्च महिन्यात अमरावतीचे कमलाकांत धर्माधिकारी त्यांच्याकडे फोटो काढायला आले. हे गृहस्थ मूळचे वकील. चांगली चालती वकिली सोडून त्यांनी ‘उगवत’ नावाचं साप्ताहिक काढलं होतं आणि आता ते स्वतःच त्याचे संपादक, मुद्रितशोधक आणि वेळ पडली तर गठ्ठे बांधणारे होते. पाठक कॅमेरा नीट करत होते तोवर कमलाकांत मागच्या रंगवलेल्या पडद्याकडे टक लावून बघत बसले. पडद्यावर निळाशार तलाव होता, दोन हंस होते, काठाला कमळं होती.

“पाठक, हा तलाव कुठला हो?”

“पेंटरच्या डोक्यातला.”

“यात पाणी कधीपर्यंत टिकतं? चैत्रापर्यंत?”

पाठकांना हसू आलं. कमलाकांत मात्र हसले नाहीत. खुर्चीतून अर्धवट वळून म्हणाले, “मी चेष्टा करत नाही. आमच्या पेपरात सभा येतात, सत्कार येतात, मंत्र्यांचे दौरे येतात. पण माती, पाणी, झाडं, पाखरं, ज्यांच्या जिवावर आपण सगळे जगतो, ती छापून येतात फक्त पूर आला तर, नाहीतर दुष्काळ पडला तर. मधल्या काळात जणू काही घडतच नाही. आमच्या बातमीदारांना या निसर्गाच्या गोष्टी सांगता येत नाहीत आणि फोटोवाल्यांना तो दिसत नाही. म्हणून मी पुढच्या महिन्यात वर्ग भरवतोय. चार दिवस अमरावतीत, चार दिवस खेड्यात. तुम्ही या.”

“मी? अहो, मी बाहेर जातो तो फक्त लग्नाला.”

“मग हे दुसरं लग्न समजा,” कमलाकांत म्हणाले आणि फोटोसाठी सरळ बसले.

पाठकांनी ती गोष्ट घरी नुसती कानावर घालावी म्हणून सांगितली. त्यांच्या पत्नीनं, गोदावरीनं, तिथल्या तिथे निकाल दिला. “जा की. वीस वर्षं लोकांना हलू नका म्हणताय, आता तुम्हीच जरा हला.”

अमरावतीत एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. आठ माणसं होती. चार फोटोवाले, चार लिहिणारे. चांदूर बाजारचे खुशालराव हे त्यातले सगळ्यांत मुरलेले बातमीदार. जाडजूड मिशा, खणखणीत आवाज, आणि कुठलीही बातमी असो, तिचा शेवट ‘जनतेत समाधान व्यक्त होत आहे’ असा. सगळ्यांत लहान शैला मुळे. चोवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे दोन लेख ‘उगवत’मध्ये आले होते. हुशार मुलगी, पण हातात खडू नसला तरी ती शिकवतच बोलायची. समोरच्यानं अर्धा प्रश्न विचारला की हिचं पूर्ण उत्तर तयार.

पहिल्याच दिवशी कमलाकांतांनी सगळ्यांचे कॅमेरे आणि वह्या काढून घेतल्या आणि आठहीजणांना अंबानाल्याच्या काठावर नेऊन बसवलं. एक तास गप्प बसायचं, मग येऊन काय पाहिलं ते सांगायचं.

“पाठक, काय पाहिलंत?”

“नाला.”

“आणखी?”

पाठकांनी बराच विचार केला. “वाहत होता.”

सगळे खो खो हसले. शैलानं मात्र पाण्याचा रंग, गाळाचं कारण आणि डासांच्या चार अवस्था अशी सगळी माहिती धडाधड सांगितली. कमलाकांत म्हणाले, “उत्तम. यातलं किती तुम्ही आज पाहिलंत आणि किती पुस्तकातून आणलंत?” शैलाचा चेहरा एवढासा झाला. खुशालरावांनी ‘निसर्गरम्य परिसर’ असा शब्द वापरला, तेव्हा नियम झाला की ‘निसर्गरम्य’ किंवा ‘रमणीय’ म्हणणाऱ्यानं खोली झाडायची. चारातले तीन दिवस खोली खुशालरावांनीच झाडली.

पाचव्या दिवशी जोड्या पाडल्या. एक लिहिणारा, एक फोटोवाला. पाठकांच्या वाट्याला शैला आली आणि दोघांच्या वाट्याला दर्यापूरकडचं खारखेड नावाचं गाव. कमलाकांतांनी पाठकांच्या हातात बारा-बारा फोटोंचे दोन रोल ठेवले. “फिल्म मिळत नाही हल्ली, जपून वापरा. पहिला रोल गावातच धुवून बघायचा. काय मिळालंय आणि काय राहिलंय ते गाव सोडल्यावर कळून उपयोग नाही.”

“आणि विषय काय?”

“गावातलं पाणी. तिथल्या विहिरी खाऱ्या आहेत.”

पाठक बसमध्ये बसले तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. दर्यापूरला उतरून बैलगाडीत बसल्यावर ते शैलाला म्हणाले, “तुझं बरं आहे. खारट असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं. मी फोटोत चव कशी आणू?”

“काका, क्षारांचं प्रमाण जास्त असलं की...” शैलानं सुरुवात केली.

“क्षारांचं प्रमाण मला दिसत नाही, बाई. मला विहीर दिसते. गोड पाण्याची विहीर आणि खाऱ्या पाण्याची विहीर, फोटोत दोन्ही सारख्याच.”

गाडी काळ्या मोकळ्या रानातून चालली होती. कापसाची पराटी उपटून झालेली, जमिनीला हात हात भेगा, आणि दूरपर्यंत सावलीला म्हणून एखादंच बाभळीचं झाड.

खारखेडात उतरायची सोय नत्थुजींच्या घरी होती. नत्थुजी गावातले मोठे शेतकरी, बोलायला मोकळे. फोटोवाले येणार हे त्यांना आठ दिवस आधी कळलं होतं आणि तिथेच घोटाळा झाला होता. पाठक आणि शैला पोचले तेव्हा अंगण सारवलेलं होतं, बैलांच्या शिंगांना रंग होता, आणि नत्थुजी भर उन्हात नवा कोरा फेटा बांधून उभे होते. त्यांच्या पाठीमागे गावातले दहा-बारा पुरुष, सगळे परीटघडीचे कपडे घालून.

“या ना जी साहेब! कोठी उभं रायचं तेवढं सांगा फक्त.”

खरं तर हाच क्षण होता की पाठकांनी कॅमेरा पिशवीतच ठेवायला हवा होता. पण वीस वर्षांची सवय. समोर नटलेली माणसं ओळीनं उभी दिसली आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. “हं. उंच माणसं मागे. नत्थुजी, तुम्ही मध्ये. हलायचं नाही.” विहिरीच्या काठावर सगळ्यांचा एक फोटो झाला. मग नत्थुजींचा एकट्यांचा. मग बैलजोडीसह. मग नत्थुजींच्या पत्नीला, मैनाबाईंना, बोलावून त्यांना पितळी गुंडांच्या, म्हणजे पाण्याच्या हंड्यांच्या, उतरंडीशेजारी बसवलं. गुंड चिंचेनं घासून सोन्यासारखे लखलखत होते.

“या गुंडांवर नेहमी पांढरा थर बसतो ना?” शैलानं विचारलं.

“बसते ना वो. लय बसते. तुमी येनार म्हून दोन दिस घासून घासून काहाडला,” मैनाबाई अभिमानानं म्हणाल्या.

शैलानं कपाळाला हात लावला. पाठकांना तो हात दिसला, पण तोवर अकरा फोटो होऊन गेले होते. बारावा त्यांनी विहिरीच्या आतला काढला. पाणी चकाकत होतं. फार सुरेख दिसत होतं.

दुपारी नत्थुजींच्या कापसाच्या कोठीत रोल धुवायचं ठरलं. दाराच्या फटीत वाकळ कोंबली, खिडकीवर घोंगडं टांगलं आणि आत मिट्ट काळोख केला. औषधं पाठकांनी अकोल्याहून बाटल्यांत भरून आणली होती. लागत होतं ते फक्त शेवटी फिल्म धुवायला पाणी. मैनाबाईंनी दाराबाहेर विहिरीच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. पाठकांनी त्या पाण्यात फिल्म चांगली खळखळून धुतली, कोठीच्या आढ्याला टांगली, खाली चिमटा अडकवला आणि ते जेवायला गेले.

दोन तासांनी येऊन बघतात तो फिल्मवर पांढरे ओघळ. ओघळ सुकून त्यांचे खडे झालेले, कडेला नक्षीसारखी खपली धरलेली. बोटानं पुसायला गेले तर खाली ओरखडे उठले. नत्थुजींच्या चेहऱ्यावर देवी आल्यासारखे ठिपके, बैलांच्या पाठीवर पांढऱ्या नद्या, आणि लखलखीत गुंडांवर दोन दिवस घासून काढलेला थर जसाच्या तसा परत आलेला.

पाठक मटकन कापसाच्या ढिगावर बसले. वीस वर्षांत त्यांचा एक रोल असा वाया गेला नव्हता. “संपलं,” ते म्हणाले. “सगळा रोल बाद.”

शैलानं फिल्म उजेडासमोर धरली. बराच वेळ धरली. मग हळूच म्हणाली, “काका, चव फोटोत कशी आणायची म्हणत होतात ना? आली बघा.”

पाठकांना आधी तिचा राग आला. मग त्यांनी फिल्म तिच्या हातातून घेतली आणि पुन्हा बघितली. आपण बसवलेली माणसं, आपण लावलेल्या माना, आपण सारखे केलेले पदर, आणि त्या सगळ्यावर कुणालाही न विचारता येऊन बसलेलं मीठ. फिल्म फेकायच्या ऐवजी त्यांनी ती कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली.

मैनाबाई दारातून बघत होत्या. “काहून जी, काय झालं?”

“या पाण्यानं फोटो खराब झाले. दुसरा रोल धुवायला गोडं पाणी लागेल, मैनाबाई. दोन बादल्या मिळाल्या तर...”

मैनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. रागावल्या नव्हत्या, पण हसतही नव्हत्या. “दोन बादल्या गोडं पानी? भाऊ, गोडं पानी नदीच्या झिऱ्यावरून आनतो आमी. दीड कोस. घरात एक गुंड हाय, थ्याच्यात सांजचं वरन शिजवाचं हाय. खाऱ्या पान्यात डाय शिजत नाई. दिसभर चूल जाळा, दाना तसाच.” मग म्हणाल्या, “पाह्यजे असन तं सकायी या आमच्यासंगं. आना तुमचं तुमी.”

“येतो,” पाठक म्हणून गेले. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सकाळी उजाडता उजाडता सात-आठ बायका निघाल्या. त्यांच्यामागे शैला कमरेवर कळशी घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी धोतर खोचलेले, डोक्याला पंचा गुंडाळलेले, गळ्यात कॅमेरा आणि खांद्यावर रिकामा गुंड घेतलेले हरिहर पाठक. गावातली झाडून सगळी माणसं ओट्यावर येऊन बघत होती. नत्थुजी धावत आले. “साहेब, अवो बाप्पा, हे काय करून रायले तुमी? गाडी जुपतो ना मी!”

“रोज जुंपता का हो यांच्यासाठी?” पाठकांनी सहज विचारलं. त्यांच्या मनात टोमणा नव्हता. नत्थुजी मात्र मागे सरले आणि बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

वाटेत पाठकांना बऱ्याच गोष्टी दिसल्या. अंबानाल्याकाठी तासभर बसून जे दिसलं नव्हतं ते इथे चालता चालता दिसायला लागलं. पायवाट. काळ्या मातीत टाचांनी दाबून दाबून झालेली, दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा वीतभर खोल. खोलगट जागी पाणी साचून सुकलेलं, तिथे पीठ पसरल्यासारखी पांढरी माती. त्यांनी कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडलं, वाकून वाटेचा एक फोटो घेतला आणि चालू लागले. बायकांना थांबा म्हटलं नाही.

झिरा म्हणजे नदीच्या कोरड्या वाळूत मांडीभर खोल खणलेला खड्डा. तळाशी पाणी पाझरत होतं. एक जण खड्ड्यात उतरून वाटीनं ते गुंडात भरायची, पाणी संपलं की पुन्हा पाझरायची वाट बघायची. एक गुंड भरायला जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात पाठकांनी अकोल्यात एका वऱ्हाडाचे फोटो उरकले असते. पण बायकांना घाई नव्हती. त्या वाळूवर ऐसपैस बसल्या होत्या आणि हसण्याखिदळण्याला ऊत आला होता. सासवांचा सगळा समाचार इथे घेतला जायचा असं दिसलं.

शैलानं वही काढली आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाली, “मावशी, वाळूतून पाणी गाळलं जातं म्हणून ते...” आणि मधेच थांबली. पाठकांनी बघितलं, तिनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, “तुम्हाला कसं कळतं कुठं खणायचं ते?”

मैनाबाईंनी तिला चांगलं अर्धा तास सांगितलं. कुठली वाळू हाताला गार लागते, कोणत्या जागी पहाटे टिटवी बसते, मागच्या साली झिरा कुठे होता आणि तो का आटला, लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी सासूनं वाटी हातात देऊन काय सांगितलं. शैला लिहीत राहिली. एकदाही तिनं त्यांचं वाक्य स्वतः पुरं केलं नाही. पाठक खड्ड्याच्या कडेला वाळूवर पोटावर आडवे झाले आणि आतली वाटी, वाटीतला हात आणि हाताखालचं ते बोटभर पाणी एवढंच त्यांनी टिपलं.

“भाऊ, मी हालू नोको का?” खड्ड्यातली बाई ओरडून म्हणाली.

“हला, हला,” पाठक म्हणाले. “हवं तेवढं हला.”

परतीच्या वाटेवर खरी मजा झाली. भरलेला गुंड खांद्यावर घेऊन पाठक पन्नास पावलं गेले नाहीत तोच पाणी डुचमळून त्यांच्या कॉलरीत शिरलं. त्यांनी गुंड डोक्यावर घेतला, तर तो पंच्यावरून घसरला. मैनाबाईंनी शेवटी आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली, वर गुंड चढवला आणि स्वतःचा गुंड तसाच डोक्यावर तोलून धरत म्हणाल्या, “मान सरय. डोये समोर. आता हालू नोका बरं!”

बायका हसून हसून वाळूत बसल्या. पाठक दोन्ही हातांनी गुंड धरून खांबासारखे उभे, मिशीवरून पाण्याची धार, आणि मैनाबाई त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलताहेत. चालताना फुटायची भीती म्हणून कॅमेरा त्यांनी शैलाकडे दिला होता. तिनं आयुष्यात कधी कॅमेरा धरला नव्हता. पण पाठक कसे वाकून आत बघतात ते तिनं दोन दिवस पाहिलं होतं. तिनं बघितलं आणि कळ दाबली.

दुपारी त्या पाण्यानं दुसरा रोल धुतला गेला. दोन बादल्यांच्या जागी पाठकांनी एकाच गुंडात भागवलं, थोडं थोडं पाणी बदलत. धुऊन झाल्यावर मैनाबाईंनी विचारलं, “हे पानी आता बैलाईले पाजू?”

“नका. औषध आहे त्यात.”

मैनाबाईंनी ते पाणी अंगणाच्या कडेला ओतलं. जमिनीनं ते लगेच पिऊन टाकलं. पाठक तिथेच उभे होते. दीड कोस डोक्यावरून आणलेला गुंड, आणि त्यात तीन फोटो धुतले. बारापैकी फक्त तीनच काढले होते या वेळी. आपण अकोल्यात नळ सोडून रोज किती फिल्म धुतो याचा हिशोब त्यांच्या मनात आला आणि तो त्यांनी पुरा केला नाही.

अमरावतीत आठवडाभरानं सगळ्यांनी आपापलं काम मांडलं. खुशालरावांनी चांदूर बाजारजवळच्या एका तोडलेल्या आमराईवर लिहिलं होतं आणि लेखाच्या शेवटी कुणाचंही समाधान व्यक्त झालं नव्हतं, म्हणून त्यांना टाळ्या मिळाल्या. पाठकांची पाळी आली तेव्हा त्यांनी पायवाट ठेवली, झिऱ्यातली वाटी ठेवली. मग शैलानं काढलेला फोटो थोडा संकोचानंच ठेवला. “हा माझा नाही. हिचा आहे. तिरपा आलाय.”

कमलाकांतांनी तो तिरपा फोटो उचलला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. “हा पहिल्या पानावर,” ते म्हणाले. “माणूस हसत हसत हा बघणार आणि मग विचारणार, हा गृहस्थ पाणी का वाहतोय?”

“माझा असा फोटो? पहिल्या पानावर?” पाठक दचकले. “अहो, अकोल्यात सगळे ओळखतात मला.”

“म्हणूनच तर.”

पाठकांनी मग पिशवीतून गुंडाळलेला कागद काढला. दाखवू की नको असं त्यांना दोन दिवस वाटत होतं. “आणि हा एक रोल फुकट गेलेला आहे. खाऱ्या पाण्यात धुतलेला.”

कमलाकांतांनी चष्मा काढून, पुसून, परत लावला. फिल्म एका खिडकीजवळून दुसऱ्या खिडकीजवळ नेली. शेवटी म्हणाले, “पाठक, तुम्ही मला आधीच का भेटला नाहीत?”

अंकातल्या फोटोंचे छपाईचे ब्लॉक नागपूरहून करून आणले. पहिल्या पानावर डोक्यावर गुंड घेतलेले पाठक, आतल्या पानात वाट आणि वाटी, आणि मधोमध मोठा करून नत्थुजींचा तो फेटेवाला फोटो, मिठाच्या खपल्यांसकट. खाली एकच ओळ होती: ‘हा फोटो खारखेडच्या विहिरीच्या पाण्यात धुतला आहे.’ बाजूला शैलाचा मजकूर, बहुतेक मैनाबाईंच्याच शब्दांत.

अंक खारखेडला पोचला. नत्थुजींच्या चेहऱ्याचा आपण तमाशा केला असंच पाठकांना वाटत होतं. चार दिवसांनी नत्थुजी स्वतः अकोल्याला स्टुडिओत हजर झाले. घडी केलेला अंक त्यांनी टेबलावर ठेवला. पाठक उठून उभे राहिले.

“नत्थुजी, मला माफ करा, तो फोटो...”

“माफी कायची जी? दर्यापुरात चार जनाईनं मले वळखलं!” नत्थुजी खुर्चीत बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पन एक सांगतो. पाठकसाहेब, जनम गेला माहा त्या गावात. रोज गोडं पानी पेलो. ते कुठून येते थे मले माईत होतं, पन पाह्यलं नोतं. अंक वाचला न् दुसऱ्या दिशी सकायी गेलो मी झिऱ्यावर. बायका हासल्या मले. हासू द्या.”

त्यानंतर ‘उगवत’च्या कचेरीत पत्रं यायला लागली. एक-दोन नाही, त्या खाऱ्या पट्ट्यातल्या सव्वीस गावांची. आमच्याही विहिरीचं पाणी असंच आहे, आमच्याकडेही फोटो धुवून बघा, असं एकानं लिहिलं होतं. एकानं तर बाटलीत पाणीच भरून पाठवलं. सरकारी जीपही एकदा खारखेडला आली. साहेबांना मैनाबाईंनी खाऱ्या पाण्याचा चहा दिला, दूध फाटलेला. साहेबांनी तो संपवला आणि दोन पानं लिहून नेली. पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही. पण गावानं मनावर घेतलं. वैशाखात गावाबाहेरच्या बुजलेल्या तळ्यातला गाळ नत्थुजींनी आणि इतरांनी गाड्या जुंपून उपसला, तो शेतात टाकला. पावसाळ्यात तळं भरलं आणि पावसाचं ते गोडं पाणी पौषापर्यंत पुरलं. माघात बायका परत झिऱ्यावर जायला लागल्या, हेही खरं. तरी पाच-सहा महिने झिऱ्याची वाट मोकळी राहिली आणि तीत थोडं गवत उगवलं. पाठक त्याचाही फोटो काढून आले.

दुसऱ्या वर्षी कमलाकांतांनी वाचनालयाच्या माडीवर पुन्हा वर्ग भरवला. या वेळी चौदा जण आले. पाठकांना शिकवायला बोलावलं होतं. त्यांनी उलट निरोप पाठवला, “मी येतो. पण शिकवायला मैनाबाईंना बोलवा.”

मैनाबाई आल्या. नत्थुजी सोबत होते, पण त्यांना मैनाबाईंनी मागच्या ओळीत बसवलं. शैलानं ओळख करून दिली आणि या वेळी तीच मागे सरून वही उघडून बसली. मैनाबाईंसमोर तांब्याभर पाणी ठेवलं होतं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

“गोडं हाय,” त्या म्हणाल्या. “लय गोडं हाय तुमचं पानी.”

मग त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाखालची बादली भरून वाहत होती आणि बादलीचा मालक पलीकडे कुणाशी तरी गप्पा मारत उभा होता. मैनाबाई उठल्या. वर्ग सोडून, जिना उतरून, पदर खोचत त्या रस्त्यावर गेल्या. वरून चौदा माणसं आणि कमलाकांत खिडकीला लटकून बघत होते. मैनाबाईंनी नळ बंद केला आणि बादलीच्या मालकाला बोलावून घेतलं. त्या त्याला काय म्हणाल्या ते वर ऐकू आलं नाही, पण तो माणूस दोन पावलं मागे सरकला आणि मान हलवायला लागला.

वर्गातल्या एका नव्या फोटोवाल्यानं पाठकांना विचारलं, “सर, कॅमेरा काढू का?”

“मला काय विचारता?” पाठक जिन्याकडे निघाले होते. “पळा खाली!”